काळी मारबत आणि आठ सोनेरी

नागपुरात मानेवाड्यापासून गोरेवाड्यापर्यंत कुठल्याही वस्तीत टाकीवाले भाऊ हमखास सापडतात. टाकी गच्चीवरची नव्हे. बैठकीत, टीव्हीशेजारी ठेवलेली काचेची. तिच्यात ८ सोनेरी आणि १ काळा असे ९ सोनमासे असतात, कारण फेंगशुईवाल्याने तसं सांगितलेलं असतं. घरावरचं संकट काळा मासा अंगावर घेतो म्हणे. ही चिनी कल्पना नागपूरकराच्या गळी उतरवायला कष्ट पडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा घेऊन जाणारी काळी मारबत इथे १८८० च्या दशकापासून निघते. भाऊंनी ती पाण्यात सोडली, एवढंच.

पहिले पंधरा दिवस भाऊ टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. मग चिमूटभर खाण्याची मूठ झाली आणि पाणी आटलं की वरून तांब्याभर ओतायचं, एवढीच देखभाल उरली. काच हिरवी झाली.

"भाऊ, मासे आहेत का यात?" पाहुणे विचारत.

"आहेत ना बाप्पा! लाईट लावला का दिसते."

भाऊ आळशी नाहीत. त्यांच्या अंगात येतं, पण वर्षातून दोनदाच. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर गच्चीत नेऊन घासतात तेव्हा, आणि दिवाळीच्या आधी. यंदा दिवाळीला टाकीची पाळी आली. मासे बादलीत गेले, पाणी मोरीत गेलं, गोटे कपड्याच्या पावडरीने धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळला.

"सहा महिने ढुंकून नाही पाहिलं, न आज एकदम काहून?" वहिनी म्हणाल्या. भाऊंनी ताजं नळाचं पाणी भरलं. टाकी आरशासारखी दिसू लागली.

दुसऱ्या सकाळी ४ सोनेरी उलटे तरंगत होते. काळा मजेत फिरत होता. संकट अंगावर घ्यायचं काम त्याने बहुधा सोनेऱ्यांना वाटून दिलं होतं.

"नजर लागली," भाऊ म्हणाले.

नजर भाऊंचीच होती. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. स्पंजात आणि गोट्यांवर बसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. भाऊंनी मळ म्हणून नळाखाली सोडला तो हा सगळा कामगारवर्ग. शिवाय महिनोन्महिने न बदललेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं, मासे त्याला सरावतात. एका दुपारीत सगळंच बदललं की तो धक्का त्यांना सोसत नाही. नळाला येणाऱ्या पेंचच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला रोगराईपासून वाचवतं आणि माशांचे कल्ले भाजतं.

फुटाळा तलावाच्या बाजूला, तेलंगखेडीत, चक्क मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. पण भाऊ फुटाळ्यावर जातात ते भुट्टा खायला. त्यामुळे त्यांचं शिक्षण मासेवाल्या दुकानातल्या पोराकडे झालं. त्याने आधी हिशेब घातला. टाकी ३ बाय १ बाय १ फूट, म्हणजे काठोकाठ ८५ लिटर. एका सोनमाशाला ४० लिटर तरी हवं. दोघांच्या जागेत नऊ जण म्हणजे वऱ्हाडच.

मग रीत सांगितली. मासे काढायचे नाहीत. एक दिवसाआड ८-१० लिटर पाणीच काढायचं, तेही नळीने, तळाच्या गोट्यांतली घाण ओढत. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. साबणाचं नावही नाही. नवं पाणी आदल्या रात्री बादलीत उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडतं. घाई असेल तर औषध आहे, सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर हायपो म्हणत तेच. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट ओतायचं नाही. पारा ४५ वर गेला की त्या पाण्यात मासे पोहत नाहीत, शिजतात.

दोन आठवड्यांत काच उजळली. काढलेलं पाणी वहिनी तुळशीला घालतात. नायट्रेटमुळे ती फोफावली आहे आणि त्याचं श्रेय फेंगशुईला मिळतं. रात्री बादलीला कुणी हात लावला तर भाऊ झोपेतून ओरडतात.

परवा वरच्या मजल्यावरच्यांनी टाकी आणली. संध्याकाळी दाराची बेल वाजली. नळी खांद्यावर, बादली हातात.

"तुमचे गोटे पाहू द्या," भाऊ म्हणाले.