शेपू ग्रीसहून येतो तेव्हा

मुलगी पुण्याहून सुट्टीला आली ती एक इवलासा डबा घेऊन. वर लिहिलेलं ग्रीक योगर्ट. मी झाकण काढलं, चमचाभर चाखलं आणि गप्प बसलो. तो चक्का होता. आमच्याकडे पाडव्याच्या आदल्या रात्री फडक्यात बांधून खुंटीला टांगतात तोच, फक्त साखर-वेलदोडा घालायच्या आधी कुणीतरी घाईने डब्यात भरलेला.

"बाबा, ग्रीक लोक यात काकडी घालून त्झात्झिकी करतात," मुलगी म्हणाली.

"चिक्की? काकडीची?" आईने आतून विचारलं. आईचं वय ८१, ऐकू कमी येतं, पण स्वयंपाकातलं सगळं येतं. मुलीने तीनदा उच्चारून दाखवलं. आई शेवटी म्हणाली, "जाजिक म्हण ना मग." पुढे कळलं की ग्रीकांनी हा शब्द तुर्कांकडून घेतला आणि तुर्की शब्दाचा उच्चार जवळपास जाजिकच आहे. म्हणजे घरात मूळ उच्चार फक्त आईला जमला होता.

ही वस्तू आपण आपल्या कन्नड गावात करून दाखवायची, असं मी जाहीर केलं. किलोभर म्हशीचं दही आणलं, पंच्यात बांधलं आणि रात्री मोरीवरच्या खुंटीला टांगलं. खाली पातेलं. थेंब पडत राहिले, झोप येईना. आडवं पडून विचार करत होतो, की दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक या भागात येऊनही गेले. तेव्हा त्यांना यवन म्हणत. कार्ला, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. आमच्या तालुक्यातल्या पितळखोऱ्यात मात्र दात्यांमध्ये पैठणचा अत्तरवाला सापडतो, ग्रीक सापडत नाही. तिथला तो ढेरपोट्या हसरा यक्ष, ज्याच्या हातावर कान्हदास नावाच्या सोनाराने आपलं नाव कोरलंय, तो डोक्यावर भलंमोठं भांडं घेऊन उभा आहे. हल्ली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. त्या भांड्यात काय असावं, यावर मी रात्री दोनपर्यंत विचार केला. तोवर किलोचा चारशे ग्रॅम झाला असावा.

सकाळी बाजार. यादीत काकडी, लसूण, लिंबू. इथवर काही अडचण नव्हती. पुढे होतं ऑलिव्ह तेल. किराणा दुकानदार म्हणाला, मेडिकलमध्ये बघा. मेडिकलवाल्याने लगेच बाटली काढली आणि हसून विचारलं, "अरे वा! कितवा महिना?"

"कुणाला?"

"बाळाला हो. मालिशलाच ना?"

साठी गाठलेल्या मला अशा वेळी नाही म्हणणं जमलं नाही. शंभर मिलीची बाटली आणि अभिनंदन घेऊन बाहेर पडलो. घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं: फक्त बाह्य वापरासाठी.

यादीतलं शेवटचं नाव मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं. डिल. भाजीवालीला मोबाइलवरचं चित्र दाखवलं. तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोत्याखालून जुडी ओढली. "शेपू आहे ना काका हा!"

इथे थोडं थांबायला हवं. शेपू आणि माझं वैर लहानपणापासूनचं. आई मुगाची डाळ घालून शेपू करायची त्या दिवशी मी मित्राकडे अभ्यासाला जायचो. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी विचारलं, मुलाला काही व्यसन? आई म्हणाली, व्यसन नाही, पण शेपू खात नाही. आणि आता तोच मी पिशवीतून शेपूचे तुरे बाहेर काढत, भर चौकातून, ताठ मानेने चाललो होतो.

आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "काय करू राह्यला रे तू?"

"ग्रीक पदार्थ."

"पन्नास वर्षं मी वाढला तवा तो शेपू कोणत्या देशाचा होता?"

यावर उत्तर नव्हतं. मी काकडी किसायला घेतली. आई म्हणाली कोचव. खमंग काकडी कोचवूनच करतात. मी म्हणालो, ग्रीसमध्ये किसतात. मीठ लावून पंधरा मिनिटांनी कीस पिळला तर वाटीभर पाणी निघालं. काकडीत पाण्याशिवाय फारसं काही नसतं, हे तेव्हा नीट समजतं. हे पाणी काढलं नाही तर रात्रभर गाळलेल्या चक्क्याचं पुन्हा दही होतं. म्हणून पिळणं हेच या पदार्थातलं खरं काम. बाकी सगळं कालवणं: चक्का, काकडी, ठेचलेला लसूण, लिंबू, बारीक चिरलेला शेपू. तेल घरचं शेंगदाण्याचं, कच्चंच.

"कच्चं?" आईने हिंग-जिऱ्याची फोडणी तयार ठेवली होती. तिचा हात धरावा लागला. मग तिने आल्याचा तुकडा पुढे केला. आमचा तालुका आल्याच्या शेतीचा. आलं न घालणं म्हणजे गावाशी फितुरी. तोही नाकारला. ती म्हणाली, "अळणी लोक दिसतात."

तासाभराने ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि त्झात्झिकी. मी शेपूसकट पहिला घास घेतला. चांगला लागला. अगदी चांगला लागला. हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेताना आईने पाहिलंच. तिने स्वतः बोटभर चाखलं, ठेच्याबरोबर कालवलं आणि निकाल दिला: "कोशिंबीर बरी आहे. कूट राहिला."

चक्क्याच्या पाण्यात संध्याकाळी कणीक मळली. जुडीतला उरलेला शेपू दुसऱ्या दिवशी मुगाची डाळ घालून झाला आणि त्या दिवशी मला मित्राकडे जाता आलं नाही.

आता फक्त तेल शिल्लक आहे. शंभर मिली, सील न फोडलेलं. कन्नड परिसरात कुणाकडे तान्हं बाळ असेल, तर येऊन घेऊन जावं. मेडिकलवाला रोज बाळाची चौकशी करतो.