रबराला गंधक चालत नाही

ज्या घरात दारापासून लॉकरपर्यंत सगळं आकडे दाबून उघडतं, त्या घरातल्या दोन शाखांचं बोलणं किल्ल्यांच्या छल्ल्यावरून बंद व्हावं, याला मी तरी परंपरेवरचं प्रेमच म्हणतो. छल्ला आजीचा. चांदीचा, तीन बोटं रुंद मोर, पिसाऱ्याला बारीक जाळी, मागे कंबरेला खोचायचा आकडा आणि खाली किल्ल्या अडकवायची कडी. मोराचं अंग पोकळ, पोकळीत लाख भरलेली आणि त्याच लाखेत डोळ्यांच्या दोन लाल काचा रुतवलेल्या. आजी गेल्यावर तो थोरल्या काकूंच्या कंबरेला आला आणि काकू पंजाबी ड्रेस घालायला लागल्या तसा बँकेत गेला.

आत्याचं म्हणणं, आईचं ते लेकीचं. ठाण्याच्या वहिनीचं म्हणणं, आजीने शेवटच्या आजारात तिचा हात धरून "तुला शोभेल गं" असं म्हटलं होतं. त्या वेळी खोलीत दुसरं कोणीही नव्हतं, हा या पुराव्याचा सगळ्यात भक्कम भाग. काकूंचं म्हणणं काहीच नव्हतं, कारण छल्ला त्यांच्याकडे होता.

मी नोकरीतून लवकर बाहेर पडल्यापासून दागिने घडवण्याच्या नादी लागलो आहे. त्यामुळे "याच्या हुबेहूब नकला काढू, ज्याला त्याला एकेक देऊ" हा तोडगा माझ्याच तोंडून निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नक्कल दुसऱ्याला आणि अस्सल आपल्याला, असा प्रत्येकाने आपापल्या मनात हिशेब लावलेला होता.

ओतकाम करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याच्या धंद्यात साचा म्हणजे तापवलेल्या रबराचा. कच्च्या रबराच्या वड्या चौकटीत रचायच्या, मधोमध मास्टर, म्हणजे मूळ डाग, ठेवायचा आणि गरम प्रेसमध्ये सुमारे दीडशे अंशांवर दाबून धरायचा. गंधक आणि उष्णता मिळून रबर पक्कं करतात. ही युक्ती चार्ल्स गुडइअर या अमेरिकन माणसाची, पेटंट 1844 चं. घन चांदीची किंवा पितळेची वस्तू हे सगळं मुकाट सोसते. आमच्या मोराच्या पोटात लाख. दीडशे अंशांवर लाखेचं काय होतं, हे पांडवांची गोष्ट ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला सांगायला नको. कारागिराने मोर कानाशी नेऊन टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, याला थंड रबर लावा. दोन बाटल्यांचं."

हे थंड रबर म्हणजे सिलिकोन. एका बाटलीत एक भाग, दुसरीत दुसरा. वेगवेगळे असताना दोघेही महिनोन्महिने निवांत असतात. एकत्र कालवले की घरातल्या साध्या तापमानालाच घट्ट होत जातात. भट्टी नको, प्रेस नको. यात दोन जाती. एक कथलाच्या संयुगावर जमते, स्वस्त असते, पण तिचा साचा दिवस जातील तसा थोडा आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो. दुसरी प्लॅटिनमवर जमते. ती महाग, जवळजवळ आकसत नाही आणि साचा पुष्कळ टिकतो. मी दुसरी आणली.

बाटलीवरचं "प्लॅटिनम" आत्याने चष्मा लावून वाचलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काढता येतं का रे परत?" तिला सांगितलं की दहा लाख भागांत थोडेसे भाग, एवढंच ते असतं. सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरीसुद्धा याला हात लावणार नाहीत. आत्याने बाटली खाली ठेवली, पण पुढे कितीतरी वेळ ती बाटलीकडे आदरानेच बघत होती.

तर या राजेशाही रबराचं पथ्य. त्याला गंधक चालत नाही. अमाईन जातीची रसायनं चालत नाहीत. कथल-रबराची भांडी चालत नाहीत. यांतलं काहीही नुसतं टेकलं, तरी तेवढ्या भागात ते जमत नाही, चिकट राहतं. मला यातली गंमत वाटते ती अशी, की गुडइअरच्या रबराचं गंधकावाचून पान हलत नव्हतं आणि ही नवी जात गंधकाच्या सावलीलाही उभी राहत नाही. गंधकाचं नाव निघताच काकूंनी विचारलं, "मग कांदा-लसूण?" चातुर्मास चालू होता, त्यामुळे या शंकेचं शास्त्रीय उत्तर शोधण्याची वेळ आली नाही.

आता आत्याचे जावई. हे केमिकल इंजिनिअर. खतांच्या कारखान्यातून निवृत्त. आमच्याकडे जावयाला कोणी "तुमचं चुकतंय" असं म्हणत नाही. ते रागावतील म्हणून नव्हे, आत्या रागावेल म्हणून. जावईबापूंनी आल्या आल्या मोहिमेची सूत्रं हातात घेतली. "थेट डागावर प्रयोग नको, आधी चाचणी," हे त्यांचं बोलणं बिनतोड होतं. चाचणीसाठी शेरवानीचं जुनं पितळी बटण काढलं. साच्याचा तळ करायला त्यांनी नातवाची शाळेतली माती आणली, हाताला पांढरे लेटेक्सचे मोजे चढवले आणि रबर ओतून "सकाळी बघा" असं जाहीर केलं.

सकाळी बघितलं. वरून छान घट्ट. मातीला टेकलेल्या बाजूला आणि जिथे जिथे मोज्याची बोटं लागली होती तिथे मात्र सगळा चिकटा. त्यात बटण अडकलेलं, बटणाला दोरा आणि दोऱ्याला आत्याची ओढणी. यावर घरात मतं पडली. काकू म्हणाल्या, हवा दमट आहे. आत्या म्हणाली, अमावास्येला कोणी सांगितलं होतं? जावईबापूंनी कंपनीने माल भेसळीचा दिला असा निष्कर्ष काढला आणि ग्राहक मंचाकडे जाण्याची तयारी दाखवली.

माझी भाची दातांची डॉक्टर. ती सहज म्हणून आली होती. टेबलावरचे मोजे उचलून म्हणाली, "मामा, लेटेक्स? अरे, आमच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात यावरून ओरडा बसतो." दातांचं माप घ्यायला दवाखान्यात जी पुट्टी वापरतात, तीही याच कुळातली. लेटेक्सच्या मोज्यात गंधकाची रसायनं असतात, त्यामुळे ते घालून पुट्टी मळली तर ती जमत नाही आणि पेशंट तोंड उघडं टाकून बसून राहतो. आणि ती माती? पुष्कळशा मॉडेलिंगच्या मातीत गंधक असतोच. जावईबापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी मघापासून हेच सांगतोय." आत्याने आमच्याकडे असं पाहिलं, की आम्हालाही तसं आठवायला लागलं.

मग नायट्राइलचे निळे मोजे आले, बिनगंधकाची माती आली आणि मोराला रिठ्याच्या पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासण्यात आलं. इतक्या वर्षांचा मळ निघाला. मोराची मान कुठेतरी आदळून किंचित चेपली होती, ती दिसायला लागली. पाठीवर कुण्या सोनाराने झारण लावून केलेली दुरुस्ती दिसली. हे रबर तुमच्या मनातला डाग उतरवत नाही, समोरचा उतरवतं. ओरखडा असेल तर ओरखडा, बोटाचा ठसा असेल तर ठसा. घासण्याची मेहनत त्यासाठीच.

वजनकाट्यावर दोन्ही भाग सारखे तोलले. ढवळताना कडा आणि तळ खरवडून घ्यावे लागतात, नाहीतर तिथलं न मिसळलेलं रबर शेवटी नेमकं डागाच्या नाकावर जाऊन बसतं. ढवळलं की हवा शिरते, आणि हवेचा बुडबुडा डागाला चिकटला तर चांदीत तिथे मस येतो. म्हणून हवा ओढून घ्यायची. एसी दुरुस्त करणाऱ्या पोराकडून त्याचा व्हॅक्यूम पंप दुपारपुरता मागून आणला. जाड काचेच्या झाकणाचं स्टीलचं पातेलं त्याला जोडलं. पंप सुरू झाला आणि कपातलं रबर फुगायला लागलं. दुप्पट झालं, तिप्पट झालं, फसफसत पार कडेला आलं, आणि आत्या सवयीने ओरडली, "अगं बाई, दूध उतू चाललंय, गॅस बंद करा!" कप मुद्दामच मोठा घेतला होता. काठाशी येऊन ते धपकन खाली बसलं आणि स्वच्छ झालं. हे बघण्यासारखं असतं. एसीवाला पोरगा आपली पुढची कामं सोडून ते बघत उभा होता.

ओतायचं मात्र डागावर नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यात, उंचावरून, सुतासारखी बारीक धार. पातळी आपोआप चढत जाते आणि डागाच्या खाचाखोचांतली हवा वर ढकलते. पिसारा बुडाला, मग चोच, मग डोळ्यांच्या लाल काचा. रबर अर्धपारदर्शक असल्यामुळे मोर आत तरंगत असल्यासारखा दिसत राहिला. काकूंनी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी कापणी. अखंड रबराचा ठोकळा मधून कापून डाग बाहेर काढायचा आणि तरी दोन्ही फाकी पुन्हा नेमक्या बसल्या पाहिजेत. म्हणून काप सरळ घेत नाहीत, नागमोडी घेतात. ब्लेड भाचीच्या हातात दिलं, कारण घरात लोकांच्या किंकाळ्यांकडे लक्ष न देता काम करण्याचं शिक्षण फक्त तिने घेतलेलं आहे. सरळसोट भाग लवकर कापून झाला. अडचण पिसाऱ्याची. जाळीच्या प्रत्येक भोकातून पुढचं रबर मागच्या रबराला जाऊन मिळालेलं. फाक एका हाताने ताणून धरायची, भोकातला रबराचा बारीक खांब दिसला की टोकाने तोडायचा, मग पुढचं भोक. ठाण्याची वहिनी व्हिडिओ कॉलवर होती. "जपून, माझा आहे तो," असं तिने म्हटल्यावर काकूंनी फोन उपडा ठेवला. शेवटचा खांब तुटला, भाचीने ठोकळा उलगडला आणि मोर लाखेसकट, काचांसकट, जसा गेला तसा बाहेर आला. कडक साच्यातून तो आकडा आणि ती जाळी सुटलीच नसती. रबर वाकतं, ताणतं, वाट देतं.

आणि तेव्हा साच्याच्या मागच्या फाकीवर, मोराच्या पाठीच्या जागी, ठिपके दिसले. आपल्याकडे भांड्यांवर नाव टोचतात तशी ठिपक्यांची अक्षरं, पण उलटी आणि उठावाची. चांदीत ती झिजून, पॉलिशखाली दबून इतकी पुसट झाली होती की कुणाला ओरखडेच वाटले असते. काकूंनी लिपस्टिकचा छोटा आरसा आणला. आरशात नाव वाचलं. मग सगळ्यांनी आळीपाळीने वाचलं. कोणी काही बोलेना.

नाव आजीचं नव्हतंच. आजोबांच्या बहिणीचं होतं. म्हणजे ताईआत्याचं, जिला इंदूरला दिली होती. तिने सासरी जाताना छल्ला आपल्या वहिनीला, म्हणजे आजीला, भेट दिला, की नुसता सांभाळायला ठेवला, की तिकडे शोधत बसली आणि इकडे आमच्या आजीच्या कंबरेला तो खुळखुळत राहिला, हे सांगणारं आज कोणी नाही. जावईबापू म्हणाले, ती फाक ब्लेडने जरा साफ करून घ्या, नकलांवर नाव येणार नाही. आयुष्यात त्यांनी दिलेला हा दुसरा बिनचूक तांत्रिक सल्ला. पण वहिनीचा फोन उपडा असला, तरी चालू होता. आणि वहिनीचं माहेर इंदूरचं.

पुढचं काम कारागिराकडे. साच्यात सत्तर अंशांच्या आसपास वितळलेलं मेण दाबून भरायचं, थंड झालं की मेणाचा मोर काढायचा. असे मोर एका मेणाच्या दांड्याला फांद्यांसारखे जोडतात, त्याला झाडच म्हणतात. झाडाभोवती प्लॅस्टरसारखी लापशी ओतायची, रात्रभर भट्टीत सातशेच्या वर तापवायचं, मेण जळून जातं आणि उरलेल्या पोकळीत चांदी शिरते. कृती नवी नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात मूर्ती ओतण्याची ही रीत आहे, आणि मेण तोलून त्यावरून धातू किती घ्यायचा हेसुद्धा आहे. आमचा कारागीरही तेच करतो. मेणाचं वजन गुणिले साधारण साडेदहा, की चांदीचं वजन आलं. तो गुणाकार त्याने आमच्यासमोर केला. त्या दिवशीच्या भावाने त्याला पुन्हा गुणलं. आत्या बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पितळेत करून वर चांदीचं पाणी दिलं तर कितीसं कळणार आहे?"

नकला आल्या. मूळ मोराच्या शेजारी ठेवल्यावर किंचित लहान. रबराचा यात दोष नाही. मेण थंड होताना आकसतं, चांदी आकसते आणि पॉलिशवाला आपला वाटा खातो. पण हे वहिनीला कोण सांगणार? "मला बारका दिला," ही तक्रार ठाण्याहून आली. काकूंची तक्रार उलटी, की नकला हातात जड लागतात. त्या जड आहेतच, कारण मूळ मोराच्या पोटात लाख आणि यांच्या पोटात चांदी. म्हणजे नक्कल आकाराने कमी आणि मोलाने जास्त. हे कळताच काकूंनी अस्सल छल्ल्याच्या बदल्यात नक्कल घ्यायची तयारी दाखवली. आत्याला त्यात डाव दिसला.

इंदूरकरांचा निरोप फार सभ्य होता. त्यांना छल्ला नको, साचा हवा आहे. प्रत्येक नकलेच्या पाठीवर त्यांच्या पणजीचं नाव उमटतं, तेव्हा साचा त्यांच्याकडे असणंच योग्य, असं त्यांच्या वकील नातवाने लिहिलं आहे. साचा सध्या माझ्या टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हापासून दूर आहे. त्याला हात लावण्याआधी तिन्ही शाखांना कळवायचं ठरलं आहे.

या सगळ्यात थोरले काका एक अक्षर बोलले नव्हते. परवा ते वाटीत आपली कवळी घेऊन आले. "दातांचं मापही याच जातीच्या रबराने घेतात म्हणे," त्यांनी बोळक्या तोंडाने सांगितलं. "उरलंय ना? एक जादा करून ठेव."

काकू आतून म्हणाल्या, "आधी तिच्या मागे कोणाचं नाव आहे ते बघा."