ब्रुनोचे बाबा

ब्रुनोच्या बाबांचं खरं नाव सोसायटीत फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलेलं असतं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, अगदी वार्षिक सभेतसुद्धा ते ब्रुनोचे बाबाच. कोथरूडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही सोसायटीत असा एक असतोच, तेव्हा जास्त ओळख करून देत बसत नाही. बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त. मुलगा परदेशात. जाण्याआधी त्यानेच हट्टाने आणलेला लॅब्रॅडॉर आता यांच्या गळ्यात. ‘या घरात एक तर कुत्रं राहील नाही तर मी’ अशी गर्जना, आणि पुढे सहा महिन्यांत सोफ्याची वाटणी, हा भाग सगळ्यांना पाठ आहे. तो सोडून देऊ. मला बोलायचंय ते त्यानंतरचं. ब्रुनोचं वजन वाढतं, जनावरांचे डॉक्टर व्यायाम सांगतात, कुणीतरी ‘अ‍ॅजिलिटी’चं नाव काढतं, आणि एका रविवारी भल्या पहाटे शहराबाहेरच्या मैदानावर हे गृहस्थ अडथळ्यांच्या कडेकडेने धापा टाकत धावताना दिसतात. लोक याला म्हातारचळ म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मराठी मध्यमवर्गीय बापाला कौतुक करायला शिकवणारी ही पहिलीच शाळा आहे, आणि विद्यार्थ्याचं मागलं प्रगतिपुस्तक पाहता तिथल्या मास्तरांची कीवच यावी.

हे प्रगतिपुस्तक दोन शब्दांचं आहे: ‘वाईट नाही.’ ब्रुनोच्या बाबांच्या शब्दकोशात स्तुतीची ही शेवटची पायरी. त्यावर गच्चीसुद्धा नाही. पुरणपोळी तोंडात विरघळली तरी ‘वाईट नाही’. सवाई गंधर्व महोत्सवात गायकाने मारवा असा लावला की मांडव निःशब्द झाला. घरी येताना रिक्षात, ‘वाईट नाही’. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलं, तेव्हा शेजारच्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले गेले आणि यांच्या खुर्चीतून उद्गार आला, ‘वाईट नाही.’ चिरंजीव चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये चमकले तेव्हाही हेच, वर ‘आता सातवीची आहे’ ही पुरवणी. यात दुष्टपणा नव्हता. कौतुकाने पोरं शेफारतात ही त्यांची शास्त्रशुद्ध समजूत होती, आणि ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून, भिंतीवरच्या घड्याळासकट, वारशाने मिळालेली होती. ते घड्याळही वाईट नाही.

आता हा माणूस ज्या खेळात येऊन पडतो, त्याची रचना बघा. अ‍ॅजिलिटीचा जन्म 1978 चा, लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनातला. दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून तो बेतला. उड्यांचे दांडे, बोगदा, चढ-उताराची फळी, सी-सॉ, आणि ओळीत रोवलेल्या बारा काठ्या, ज्यांतून कुत्र्याने नागमोडी जायचं. त्यातही पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याला आली पाहिजे. फळीच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्यावर पाय न टेकता उडी मारली की चूक. अवघड आहे, पण खरी गंमत माणसाला लावलेल्या अटींत आहे. कुत्र्याची दोरी सोडायची, त्याला हात लावायचा नाही, अडथळ्याला हात लावायचा नाही, आणि स्पर्धेच्या रिंगणात खिशात खाऊ किंवा हातात चेंडू न्यायचा नाही. आयुष्यभर फाईल पुढे सरकवायला ज्या ज्या गोष्टी कामी आल्या, त्या सगळ्या दारातच काढून घेतल्या जातात. उरतो फक्त खांद्यांचा रोख आणि तोंडचा शब्द.

सरावात खाऊ चालतो, पण तिथे घड्याळ आडवं येतं. कुत्र्याने बरोबर केलं की एखाद्या सेकंदाच्या आत त्याला ते कळलं पाहिजे. म्हणून तर क्लिकरची टिकटिक वापरतात. उशीर झाला तर मधल्या वेळात त्याने जे केलं त्याचंच बक्षीस मिळालं असं तो समजतो. ब्रुनोचे बाबा सवयीप्रमाणे आधी विचार करतात, गुणदोष तोलतात, मग सपाट आवाजात ‘वाईट नाही’ म्हणतात. एव्हाना ब्रुनो सी-सॉ उतरून गवत हुंगत असतो. या हिशेबाने त्याने शिकलेला पहिला अडथळा म्हणजे गवत. मग नातीच्या वयाची प्रशिक्षक मुलगी लांबून ओरडते, ‘काका, आवाज वर! आनंद झाल्यासारखं बोला!’ आनंद झाल्यासारखं बोलायचं म्हणजे काय, हे त्यांना या वयात मैदानाच्या मधोमध उभं राहून, लोकांच्या देखत शिकावं लागतं. खरं तर ब्रुनो शिकतो त्याहून कितीतरी जास्त.

यावर आक्षेप असा की हे कौतुक खोटं. यकृताच्या उकडलेल्या तुकड्यांबरोबर चिकटवलेलं शिष्टाचाराचं बोलणं. आक्षेप दमदार आहे, पण कुत्र्याने तो आधीच निकालात काढलाय. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2016 मध्ये तेरा कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये स्वस्थ पडून राहायला शिकवलं (ही करामत मला संशोधनाहून मोठी वाटते) आणि त्यांना त्यांच्या प्रशिक्षिकेच्या आवाजातले शब्द ऐकवले. कौतुकाचा शब्द सपाट सुरात, किंवा भलताच शब्द लाडाच्या सुरात, दोन्हींना मेंदूतला बक्षिसाचा भाग बधला नाही. शब्द आणि सूर जुळले तेव्हाच तो खुलला. म्हणजे हे गिऱ्हाईक फसवून घेणारं नाही. माणसं ‘अभिनंदन’चा तयार संदेश ग्रुपवर टाकून मोकळी होतात आणि समोरचीही हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळी होतात; ब्रुनोपुढे ही सोय नाही. त्याला ‘शाब्बास’ म्हणायचं तर मनापासून म्हणावं लागतं, नाहीतर तो ढिम्म बसतो.

दुसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा: ही परदेशी थेरं. त्यांना इतकंच सांगावंसं वाटतं की कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपलेच. खाऊ हातात घेऊन कुत्र्याबरोबर धावण्याची आपली परंपरा क्रफ्ट्सहून बरीच जुनी आहे. बारा काठ्यांची अट तेवढी नामदेवांनी घातली नव्हती. मुक्या जनावराचे हाल होतात, ही तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतं, त्यामुळे पुण्यातल्या एप्रिलमध्ये दिवस वर आल्यावर त्याला पळवणं हा गुन्हाच. आणि हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष, पूर्ण उंचीच्या उड्या देत नाहीत. ब्रुनोच्या बाबांना हे सगळं पाठ असतं, आणि न विचारता सांगताही येतं. त्यांचा खरा दोष दुसरा आहे. शेजारच्या बॉर्डर कोलीची वेळ ते गुपचूप वहीत लिहून ठेवतात. क्लासबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या मुलाचे मार्क विचारणारा बाप तिथे अजून शाबूत आहे. फक्त ब्रुनोला वही वाचता येत नाही, आणि सराव संपवताना कुत्र्याला हमखास जमणारा एखादा सोपा अडथळा द्यायचा व शाबासकीवर थांबायचं, असा तिथला दंडक आहे. आमच्या कुठल्या स्कॉलरशिपच्या क्लासने असा दंडक पाळल्याचं ऐकिवात नाही.

राहतो घरच्या मंडळींचा आक्षेप, आणि तोच सगळ्यांत बिनतोड. ‘अहो, तिकडे कुत्र्याला राजा, सोन्या, वाघ म्हणता, मग माझ्या आमटीला काय होतं?’ आमटीला अजूनही ‘वाईट नाही’च मिळतं. पण यानेही माझं म्हणणं खोटं पडत नाही. कुत्र्याने दिवाणखान्यात शिकलेलं ‘बस’ त्याला बागेत आपोआप येत नाही. प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, थोडा वेळ, रोज, आणि बक्षीस तत्काळ. बाबांचंही तसंच. मैदानावरचा धडा जेवणाच्या टेबलावर वेगळा गिरवून घ्यावा लागतो. ‘छान झालीय’ असं निघालं की त्याच क्षणी तुपाची धार, असा सराव सुज्ञ गृहिणींनी सुरू करायला हरकत नाही. मुलाचं मात्र अवघड आहे. एका सेकंदाच्या आत द्यायचं होतं ते तीस वर्षं राहून गेलेलं, मधे साडेचार तासांचा फरक आणि दोन समुद्र. तरी जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर नव्या नोकरीची बातमी येते तेव्हा ब्रुनोच्या बाबांच्या तोंडून, मैदानातल्या सवयीने, वरच्या पट्टीत निघून जातं, ‘शाब्बास रे माझ्या वाघा!’ पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग घाबरलेला आवाज: ‘बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? जरा आईला फोन द्या.’