लाईट गेली तिथून पुढे

कार्टूनचा भाग कोणीही पाहतो. त्याला टीव्ही पुरतो. तोच भाग दुसऱ्या दिवशी, न पाहिलेल्या आठ-दहा जणांना मधल्या सुट्टीत उभ्याने सांगायला छाती लागते. या कलेचं रीतसर शिक्षण कुठेही मिळत नाही, म्हणून कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या होतकरू सांगणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका. लेखकाची पात्रता: शाळेत सलग तीन वर्षं भाग सांगितल्याचा अनुभव. मानधन: मोसमात करवंदं, एरवी अर्धा वडापाव.

ही कला आमच्याच भागात एवढी का फोफावली, याला भौगोलिक कारण आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी घाटाखाली आणायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, असा तो बेत. १९२२ साली कर्जतच्या दुसऱ्या अंगाला भिवपुरीचं केंद्र आलं. म्हणजे डावीकडे वीज, उजवीकडे वीज आणि मधोमध आम्ही, हातात रॉकेलचा दिवा घेऊन. आमच्या घरची तार निराळी, तिचं वेळापत्रक निराळं. भारनियमनाच्या दिवसांत लाईट जायची ती नेमकी नायक जमिनीवर पडलेला असताना. तो उठला की नाही, हे कळायला दुसऱ्या दिवसाची मधली सुट्टी उजाडावी लागायची.

सरावासाठी मालिका घेऊ ‘जस्टिस लीग’. अमेरिकेत ही २००१ ते २००४ या काळात दाखवली गेली. एकूण भाग ५२. त्यातली नाताळची एकच गोष्ट एका भागात संपते. बाकी सगळ्या दोन किंवा तीन भागांच्या. म्हणजे एक भाग हुकला की माणूस दोन्हीकडून लटकतो. सांगणाऱ्याच्या धंद्याला याहून पोषक मालिका शोधून सापडणार नाही.

पाठ पहिला: मंडळींची ओळख

नायक सात आहेत. सातांची नावं एका दमात सांगितलीत तर ऐकणारा तिसऱ्या नावाला करवंदं मोजायला लागतो. प्रत्येकाला गावातली जागा द्या.

सुपरमॅन: शेतकऱ्याच्या घरी वाढलेला दत्तक मुलगा. अंगात जोर, स्वभावाने भोळा. कोणीही येऊन ‘जरा हे उचल’ म्हणावं आणि याने उचलावं.

बॅटमॅन: याला समजावून सांगावं लागत नाही. रात्री काळ्या गाडीतून येतो, नाव सांगत नाही, कोणाशी बोलत नाही, पैसा कुठून येतो ते कोणाला ठाऊक नाही आणि कुठल्याशा गुहेत त्याची मोठी जागा आहे. कर्जतकर ऐकता ऐकताच म्हणतो, ‘कळलं, फार्महाऊसवाला.’

वंडर वुमन: आईला न विचारता बेटावरून निघून आलेली राजकन्या. माहेरचा विषय तिच्यापुढे काढायचा नाही.

फ्लॅश: फास्ट लोकल. अखंड भूक आणि अखंड बडबड.

ग्रीन लँटर्न: अंगठीतून हिरवा उजेड काढून वाटेल ती वस्तू बनवतो, पण अंगठी वेळोवेळी कंदिलाला लावून चार्ज करावी लागते. थोडक्यात, इन्व्हर्टर.

हॉकगर्ल: पंख आणि हातात गदा. हिच्याबद्दल शेवटच्या तीन भागांत जे कळतं ते आत्ता सांगायचं नाही. सांगितलंत तर वर्गातला धाकटा रडतो आणि त्याचा मोठा भाऊ शाळेबाहेर भेटतो.

मार्शियन मॅनहंटर: मंगळावरचा शेवटचा माणूस. हवं ते रूप घेतो, मनातलं ओळखतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. प्रत्येक घरात असे एक काका असतात.

पाठ दुसरा: वेळेचं गणित

भाग जाहिराती वगळून बावीस-तेवीस मिनिटांचा. कर्जतहून खोपोलीला लोकल साधारण पंचवीस मिनिटांत जाते. हा योगायोग वाया घालवू नका. मधली चार स्टेशनं म्हणजे देवाने आखून दिलेले चार पडदे आहेत.

पहिल्याच तीन भागांच्या गोष्टीवर हे करून पाहू. गाडी कर्जत सोडते तेव्हा मंगळाच्या बाजूने आक्रमक पृथ्वीवर येतात. त्यांनाही रूप बदलता येतं. *पळसदरी*पर्यंत ते माणसांत मिसळलेले असले पाहिजेत. इथे डब्यातल्या एखाद्या अनोळखी प्रवाशाकडे दोन सेकंद रोखून बघावं, म्हणजे श्रोते सरकून बसतात. *केळवली*ला मंगळावरचा शेवटचा माणूस तुरुंगात सापडतो, सुपरमॅन त्याला सोडवतो आणि एकेक जण गोळा होतो. *डोळवली*ला सगळं हातचं जातं: या आक्रमकांना ऊन सोसत नाही, म्हणून ते यंत्रं रोवून आकाशच काळं करून टाकतात आणि त्या गोंधळात बॅटमॅन मेल्याची बातमी येते. *लौजी*ला सांगणाऱ्याने काहीच बोलू नये. खिडकीबाहेर पाहावं. ‘मग?’ असं किमान तिघांनी विचारल्याशिवाय बॅटमॅनला जिवंत करू नये. तो जिवंत असतो, यंत्र उलटं फिरवतो, काळोख फिटतो, ऊन पडतं आणि *खोपोली* येतं.

पावसाळ्यात ही गोष्ट सांगताना एक अडचण येते. उन्हाला घाबरणारे हे राक्षस जूनमध्ये आपल्याकडे उतरले असते तर त्यांना यंत्रं आणायची गरजच नव्हती. सप्टेंबरपर्यंत नुसते छत्री घेऊन हिंडले असते. हा प्रश्न श्रोत्यांतून येणारच. उत्तर तयार ठेवा: ‘ते अमेरिकेत उतरले. तिकडे ऊन असतं.’

पाठ तिसरा: भाषा

भाग पाहिलेला हिंदीत, सांगायचा मराठीत. इथे भलेभले घसरतात. नियम सोपा आहे. खलनायकाला हिंदीच बोलू द्यावं. ‘तुम सब मारे जाओगे’ यात जो दरारा आहे तो ‘तुम्ही सगळे मरणार आहात’ यात नाही. त्यात नुसती वैद्यकीय माहिती आहे. ‘बचाओ’लाही हात लावू नये. ‘वाचवा’ म्हटलं की कोणीतरी विहिरीत पडलंय असं वाटतं आणि श्रोते खरोखर उठून बघतात. पळणाऱ्या गर्दीला मात्र घरची बोली द्यावी. अमेरिकेतली एखादी बाई ‘अगं बाई, माझी म्हैस सुटली’ असं ओरडत पळाली की संकट केवढं मोठं आहे ते लगेच पोचतं.

मारामारीला शब्द वापरू नयेत. तोंडाने आवाज काढावेत आणि शेजारच्याचा दंड वापरावा. शेजारी आधी निवडून ठेवावा.

पाठ चौथा: लाईट गेलेला भाग

आता मुख्य विषय. भाग सुरू झाला साडेसहाला, लाईट गेली सहा बेचाळीसला, आली सातला. मधला मजकूर तुमच्याकडे नाही. अशा वेळी तीन मार्ग असतात.

एक, साक्षीदार गोळा करणे. आमच्या वर्गात एकाच्या घरी इन्व्हर्टर होता. त्याची साक्ष पक्की, पण तो भाव खायचा. दुसऱ्याचा मामेभाऊ खोपोलीला राहायचा. तिथली लाईट वेगळ्या वेळी जायची, त्यामुळे आमचा पूर्वार्ध आणि त्यांचा उत्तरार्ध जोडून एक अख्खा भाग तयार व्हायचा. शिवण दिसायची, पण थंडी वाजायची नाही.

दोन, वायरमनच्या मुलाला विचारणे. त्याने भाग पाहिलेला नसायचा. पण लाईट का गेली हे त्यालाच ठाऊक असल्यामुळे बाकीचंही त्याला ठाऊक असणार, अशी आमची श्रद्धा होती. बॅटमॅन मेला होता त्या दिवशी त्याने न अडखळता सांगितलं की बॅटमॅन मेलेला नव्हता, तो खोपोलीच्या पॉवर हाऊसला आला होता. सूर्यच झाकलाय म्हटल्यावर उजेडासाठी माणूस दुसरा जाणार कुठे? घाटातून पाण्याचे जाड पाइप उतरतात त्यांवरून तो घसरत खाली आला, आतली मोठी चाकं फिरवली आणि सगळी वीज सुपरमॅनच्या हातात दिली. कोणी हरकत घेतली नाही. पाइप आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते.

तीन, थापा मारणे. तिसरा मार्ग वर्ज्य आहे. दुसरा आणि तिसरा यांतला फरक अनुभवाने कळतो.

पाठ पाचवा: श्रोते

शाळेतला श्रोता कच्चा. खरी परीक्षा घरी, आजीपुढे. आजीने आयुष्यभर सप्ताहातली कीर्तनं ऐकलेली असतात. बुवांचा पूर्वरंग कुठे संपतो, उत्तररंगातलं आख्यान कुठे रंगायला हवं आणि ते रंगलं नाही की चुन्याची डबी कधी उघडायची, हे तिला पाठ असतं. गोष्ट तिला आधीच माहीत असते. ती तुमची तपासणी करायला बसलेली असते.

माझ्या आजीने सात जणांचं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं. अवकाशात तरंगणारं त्यांचं ठाणं ऐकलं. ते फार्महाऊसवाल्याने पदरच्या पैशाने बांधून दिलं, हेही ऐकलं. मग विचारलं, “काय रे, सात जणांच्या भाकऱ्या तिथं कोण थापतं?”

मी म्हटलं, “आजी, ते जगाला वाचवतात.”

“वाचवू देत की. जेवतात ना?”

या प्रश्नाला मालिकेच्या ५२ भागांत उत्तर नाही. नवशिक्या सांगणाऱ्याने इथे चिडू नये. विषय मारामारीकडे वळवावा.

पाठ सहावा: मागून ढकलणारा

सात जणांची गोष्ट सांगताना हमखास होणारी चूक अशी की शेवटी दोघंच उरतात. सुपरमॅन आणि बॅटमॅन आणि ‘बाकीचे’. कर्जतच्या माणसाने तरी ही चूक करू नये. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा खडा आहे. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. त्या थांब्यात प्रवासी दिवाडकरांचा वडा खातात आणि आपण वड्यासाठीच थांबलोय असं समजतात. बँकर गाडीला घाट चढवतात, लोणावळ्याला सुटतात. गाडी पुढे जाते. कोणी मागे वळून बघत नाही. प्रत्येक भागात असा एक बँकर असतो. कधी फ्लॅश, कधी ते गप्प काका. तो हुडकून त्याला किमान एक वाक्य द्यावं.

हे मला शिकवलं ते आमच्या गुरुजींनी. त्यांची एकच गोष्ट ठरलेली असायची, जानेवारीत. माथेरानचे वकील भाई कोतवाल, बेचाळीसच्या लढ्यातला त्यांचा आझाद दस्ता, मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे पाडलेले मनोरे आणि २ जानेवारी १९४३ची सिद्धगडावरची पहाट. आमच्या बाजूच्या माणसांनी मुंबईची लाईट घालवली होती, हे ऐकून वर्गात दर वर्षी तीच खुशीची कुजबुज व्हायची. शेवट सगळ्यांना माहीत होता. तरी तो आला की वर्ग गप्प व्हायचा. गुरुजी भाई कोतवालांच्या नावावर थांबत नसत. त्या पहाटे त्यांच्याबरोबर मारले गेलेल्या हिराजी पाटलांचं नाव ते तेवढ्याच सावकाश घेत. मग खडू खाली ठेवून आम्हालाच विचारत, “दस्ता डोंगरात राहायचा. भाकऱ्या वर कोण नेत असेल रे?”

आम्ही गप्प बसायचो. मला वाटायचं, गुरुजी आणि आजी एकमेकांना ओळखतात.

समारोप आणि इशारा

झालेला भाग मोठेपणी पुन्हा पाहू नये. मी ती चूक केली. आता भाग फोनवर मिळतात. गेल्या पावसाळ्यात मुलीला घेऊन पहिले तीन भाग सलग पाहिले. तिला ही गोष्ट मी लहानपणापासून सांगत आलोय, तेव्हा तिला सगळं तोंडपाठ. आक्रमक आले, माणसांत मिसळले, आकाश काळं झालं, बॅटमॅन मेला. ती उशी धरून सरसावून बसली. बॅटमॅन परत आला, ऊन पडलं, सातही जण ठाण्यात उभे राहिले आणि नावांची पाटी वर सरकायला लागली. लाईट एकदाही गेली नाही.

ती पडद्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली.

“बाबा, खोपोलीचं पॉवर हाऊस कुठे गेलं?”

मी फोन उपडा ठेवला आणि म्हटलं, “लाईट जाऊ दे. मग सांगतो.”