जुने चर्च आणि उत्साही स्वयंसेवक : एक मार्गदर्शिका

वसईत जुने चर्च सांभाळायचे असेल तर प्रथम समिती नेमावी. तीत एक निवृत्त बँक अधिकारी, एका कंत्राटदाराचे मेहुणे आणि ‘आधीच्या फादरांच्या वेळी हे असं नव्हतं’ म्हणणारे एक काका असले म्हणजे कोरम झाला. काम करणारे नंतर शोधता येतात.

छप्पर कुठे गळते हे कळायला वर चढण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाकावर बसणारे कुटुंब जुलैतल्या मिस्सेला दोन बाक पुढे सरकले, की त्यांच्या जुन्या जागेच्या बरोबर वर कौल फुटले आहे असे समजावे. शाकारणी मे महिन्यात करायची असते. वसईतली लग्नेही मे महिन्यातच असतात. त्यामुळे शाकारणीच्या दिवशी जे येतील ते एकतर लग्नाला न बोलावलेले, किंवा खरे भाविक. दोघांनाही शिडी द्यावी.

नाताळचा तारा टांगायला मनोऱ्यावर पंधरा जण चढतात. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बीचा पिंपळ उगवलेला सगळ्यांना दिसतो आणि दोघेतिघे त्यालाच दोरी बांधतात. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. मुळे सांध्यांत जाड झाल्यावर जोर लावून उपटली तर दगडही हातात येतो.

आता देणगीदार. हे प्रकरण नाजूक आहे. जुनी भिंत दगड-चुन्याची. ती पावसात ओल घेते, उन्हात सोडते. आखातातून आलेले सद्‌गृहस्थ म्हणतात, ‘एकदाच सिमेंट मारून टाका फादर, पुन्हा बघायला नको.’ खरोखरच पुन्हा बघवत नाही. सिमेंटच्या गिलाव्यामागे पाणी अडकते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात आणि वरचा रंग दर नाताळला नव्याने काढावा लागतो. तेव्हा त्यांना चहा द्यावा, चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायची जुनी रीत सांगावी, आणि चुना मळणाऱ्या गवंड्याची मजुरी त्यांच्याकडून घ्यावी. गवंडी मिळणे कठीण, पण देणगीदार परत जाण्याआधी मिळालाच पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पन्हळ. भिंतीत मुरणारे निम्मे पाणी तुंबलेल्या पन्हळीतून येते, असे माझे ठाम मत आहे. पण पन्हळीवर ग्रॅनाइटची पाटी बसत नाही, ही तिची मूळ अडचण. ‘ही पन्हळ अमुक यांच्या प्रेमळ स्मरणार्थ’ असे लिहून पाहायला हरकत नाही.

नव्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण वसईच्या किल्ल्यात घ्यावे. तिथल्या बहुतेक चर्चांच्या भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत, आणि सुस्थितीत आहेत, हे समितीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावे.

तर, येत्या रविवारी पहिल्या मिस्सेनंतर पन्हळ साफ करायची आहे. वर चढणारा मिळाला आहे. खाली शिडी धरायला कुणीतरी या. चहा आणि वडापाव समितीकडून.