वसंतातले शिकारी

फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की सिंहगडाच्या पायथ्याशी आणखी एक थवा उतरतो. अंगावर झाडीत मिसळून जाणारे कपडे, हातात ६०० मिलिमीटरची लेन्स आणि खिशात ठणाणा वाजणारा फोन. "अरे, बर्स्टवर टाक, बर्स्टवर!" ही त्याची शीळ.

हे दिवस विणीचे. तांबट वाळक्या फांदीत चोचीने गोल भोक पाडत असतो. तेवढ्यात खालून मोबाइलवर दुसऱ्याच तांबटाचं 'टुक टुक' सुरू होतं. बिचारा घराचं काम टाकून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हाकलायला धावतो आणि इकडे फटाफट फ्रेमा पडतात. बुलबुलाच्या घरट्याआड पानं येतायत? मोडा चार डहाळ्या. मग पिल्लं स्वच्छ दिसतात. कावळ्यालाही दिसतात, पण त्याच्याकडे कॅमेरा नसल्यामुळे तो दुसरं काहीतरी करतो. रात्री त्याच फोटोखाली ओळ येते : 'निसर्ग वाचवा'. (सोबत हात जोडलेले.)

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या या मंडळींनी एकदा झूम करून वाचावी. वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणंही तीत येतं.