रामावाचून रामायण

विनोदी लेख आखूड असावा, असे प्रतिपादन करणारे लेख सहसा फार लांब असतात. आणि प्रस्तुत लेखकाचाही स्वभाव, वाक्याला एकदा प्रारंभ झाला की पूर्णविरामाची तारीख पुढे पुढे ढकलीत नेण्याचा असल्यामुळे, या प्रकरणी साक्षीस त्याने स्वतः उभे न राहता बारामतीच्या एका जुन्या रहिवाशास उभे करणे हेच न्यायाला धरून होईल.

हे रहिवासी म्हणजे कविवर्य मोरोपंत. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावलेले आणि १७९४ साली तेथेच निवर्तलेले हे गृहस्थ विनोदी लेखक होते, असे म्हणण्याचे धाडस कोणताही परीक्षक करणार नाही. परंतु आर्येसारख्या चिमुकल्या वृत्तात ज्यांनी सबंध महाभारत नांदविले, त्यांना शब्दांची काटकसर अवगत नव्हती असेही कोणाला म्हणता येणार नाही. रामकथा एकदा सांगून त्यांचे समाधान झाले नाही. ती त्यांनी १०८ वेळा सांगितली, आणि एकाहून एक विलक्षण अटी स्वतःवर लादून घेऊन सांगितली.

त्यांतले निरोष्ठ रामायण घ्या. ओठाला ओठ लावल्यावाचून जी उच्चारता येत नाहीत, ती प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरे येथे वर्ज्य. या एका कलमाचा अंमल सुरू होताच अयोध्येवर केवढा प्रसंग ओढवतो पाहा: राम गेला, लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमंताला दारातच अडविले, आणि एवढ्या खटाटोपाने पक्ष बदलून आलेल्या बिभीषणाची वर्दीसुद्धा कोणी आत नेईना. चौघा भावांत हजेरीपटावर राहण्यास लायक ठरतो तो एकटा शत्रुघ्न, ज्याला एरवी रामकथेत कोणी फारसे विचारीत नाही. आणि रावणाच्या नावाला मात्र या नियमाची कसलीच आडकाठी नसल्यामुळे तो लंकेसह बिनदिक्कत आत! खुद्द कवीला आपले नाव घालण्याची सोय नाही, आपल्या गावाचे तर पहिलेच अक्षर निषिद्ध, आणि शेजारच्या इंदापुरास जाऊ म्हटले तर तेथेही वेशीवर ‘पू’ उभा. रामाला आणायचे ते ‘जानकीनाथ’ वगैरे आडवाटांनीच. पंतांनी हे सारे भक्तीने केले, हे मान्य. हसू आपल्याला येते, त्यात त्यांचा अपराध नाही.

लघुविनोदाचे मर्म आम्हांस याच आडवाटांवर सापडते. जो शब्द सर्वांच्या जिभेवर असतो, नेमका तोच त्यात वर्ज्य असतो. आणि त्याला वळसा घालून विनोदकार अशा बेताने चालतो की, न उच्चारलेला तो शब्दच ऐकणाराला सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. कोल्हटकरांच्या सुदाम्याला आणि गडकऱ्यांच्या बाळकरामाला विस्ताराचा परवाना आहे, कोटीवर कोटी चढवायला त्यांना प्रशस्त आवार लागते, आणि ते देण्यास आमची ना नाही. पण ती जहागीर निराळी.

एकाच वाक्याचे वतन सांभाळणारे लोक पाहावयाचे तर कालव्याच्या काठाने खाली जावे. इंग्रजी अमदानीत निघालेला नीरा डावा कालवा अगोदर बारामतीची शेते भिजवितो आणि मग उरलेसुरले घेऊन इंदापूर तालुक्यात उतरतो. त्यामुळे पाण्याविषयी बारामतीकर आकडेवारीने बोलतो, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, म्हणजे ‘टेल’चा, इंदापूरकर, आकडे मांडण्याइतके पाणीच हाती नसल्यामुळे, विनोदाने बोलतो.

अशाच एका टेलच्या गावी, देवळापुढे भरलेल्या सभेत, एका अधिकाऱ्याने मोठ्या उत्साहाने जाहीर केले, “आवर्तन सुटलंय. चार दिवसांत पाणी टेलला पोचेल.” त्यावर खांबाला टेकलेल्या एका वृद्ध आबांनी, परगावी निघालेल्या नातवाची चौकशी करावी तितक्या मायेने विचारले, “सायेब, वाट दावायला कोन दिलंय का त्याच्यासंगं?”

सभा हसली आणि अधिकारीही हसला. कारण या प्रश्नात चोरीचा उच्चार नव्हता, वरच्या अंगाच्या कोणाचे नाव नव्हते, खात्यावर ठपका नव्हता, आणि ज्यावर इन्कार नोंदवावा असे एकही विधान नव्हते.

परंतु प्रत्येक सभेत एक व्युत्पन्न गृहस्थ असतो. येथील गृहस्थ सेवानिवृत्त असून त्यांचा आवाज अद्याप सेवेत होता. ते उठले आणि म्हणाले, “आबांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की वरची मंडळी रात्री मोटारी टाकून पाणी चोरतात.” वर्ज्य शब्द उच्चारला गेला! सोयरिकीच्या निमित्ताने आलेले वरच्या गावचे दोन पाहुणे बाह्या सरसावून उभे राहिले, अधिकाऱ्याला दुसऱ्या सभेची आठवण झाली, आणि कामकाज तहकूब झाले.

कारकुनाने मात्र, हसण्याचा आणि भांडणाचा तपशील गाळून, रोजनाम्यात प्रामाणिकपणे नोंद केली: “शेवटच्या टप्प्यातील बागाईतदारांनी पाण्यासोबत वाटाड्या देण्याविषयी विनंती केली. सबब, पुढील आदेशार्थ वरिष्ठांकडे सादर.”